आयसीयूतल्या सिस्टरचे आभार कसे मानू?

ताई, सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, त्यात माझे मिस्टर सापडले. आधी दोन-तीन दिवस जुलाब, मग आठवड्याभराने पायांना मुंग्या, आणि एका सकाळी त्यांना खुर्चीतून उठताच येईना. दुसऱ्या रात्री व्हेंटिलेटर लावला. पुढे कितीतरी आठवडे ते आयसीयूत होते. त्यांना सगळं कळत होतं, पण बोटसुद्धा हलत नव्हतं.

तिथे एक सिस्टर होत्या, परभणीकडच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. काहीही करायच्या आधी त्या ह्यांना सांगायच्या, "सर, आता डाव्या कुशीवर घेतेय हं." डोळे वर केले तर हो, खाली केले तर नाही, असं त्यांनीच ठरवून दिलं. मग एका पुठ्ठ्यावर मार्करने क, ख, ग, घ अशी सगळी मुळाक्षरं लिहून आणली. एकेका ओळीवर बोट ठेवायच्या आणि ह्यांची नजर कधी वर जाते ते बघायच्या. ह्यांनी पहिली दोन अक्षरं दाखवली, प आणि ठ. पाठ! पाठीत असह्य दुखत होतं आणि आम्हा कुणालाच ते कळलं नव्हतं.

आता हे काठी घेऊन चालतात, घरून ऑफिसचं काम करतात. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही डॉक्टरांना शाल-श्रीफळ दिलं, पेढे वाटले. सिस्टरांच्या हातात मी एक पाकीट ठेवलं, ते त्यांनी माझ्या पर्समध्ये परत टाकलं. "ताई, हे नको," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मनात राहून गेलंय. सासरे म्हणतात, "पगार घेते ना ती? तिचं कामच आहे ते." माझी बहीण म्हणते, एकीचंच नाव घेतलंस तर बाकीच्यांना राग येईल आणि त्रास तिलाच होईल. शिवाय एका रात्री दुसऱ्या एक सिस्टर माझ्याशी फार तुसडेपणाने बोलल्या होत्या, तेही सांगावं असं वाटतं. हे तर त्या हॉस्पिटलच्या गेटपाशीसुद्धा यायला तयार नाहीत. मी काय करू?

(नाव न छापण्याची विनंती)

---

पाकिटाचा विषय आधी संपवते. सिस्टरांनी पैसे घेतले नाहीत ते बरंच झालं, आणि तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका. माझी सगळी नोकरी आयसीयूत सिस्टर म्हणून झाली. घरच्यांनी हातात नोट कोंबली की पुढे काय होतं ते मी पाहिलंय. सरकारी दवाखान्यात पैसे घेणं नियमात बसतच नाही, खासगीतही बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि कुणी पाहिलं तर जाब तिला द्यावा लागतो. शेजारच्या बेडचे नातेवाईकही बघत असतात. आपणही द्यायला हवेत का, नाही दिले तर आपल्या माणसाकडे दुर्लक्ष होईल का, अशी धास्ती त्यांच्या मनात शिरते. तुमच्या सिस्टरांनी पाकीट परत केलं, त्यात त्या शेजारच्या बेडचाही विचार असणार.

आता सासऱ्यांचं म्हणणं. तिचं कामच आहे, हे अगदी खरं. माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण काम आहे म्हणताय, तर मग ते काम म्हणून नीट बघायला नको का? डॉक्टरांचंही ते कामच होतं, तरी शाल-श्रीफळ दिलंत आणि ते योग्यच केलंत. डॉक्टरांचं कौशल्य आपल्याला दिसतं कारण ते कुणीतरी बाहेर येऊन आपल्याला सांगतं: पाच दिवस आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध) दिलं, घशाला छेद देऊन नळी बसवली, आता व्हेंटिलेटर हळूहळू कमी करतोय. सिस्टरांनी रात्रभर काय केलं ते सांगायला कुणी बाहेर येत नाही. सासरे बाहेरच्या बाकावर बसून होते. भेटीच्या वेळात त्यांना दिसली ती यंत्रं, नळ्या आणि लगबगीने फिरणारी एक मुलगी. आत काय चालतं ते मी लिहिते. हा भाग त्यांना वाचून दाखवा.

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पुण्याच्या त्या साथीत अनेक पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला होता. दूषित पाण्यातून, अन्नातून तो पोटात जातो, जुलाब होतात, आणि त्या जंतूशी लढायला शरीराने जी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार केली तीच पुढे नसांवर हल्ला करू लागतात. अशक्तपणा पायांकडून वर चढतो. छातीपर्यंत पोचला की श्वास घेता येत नाही. बुद्धी मात्र शाबूत असते. आयसीयूतले बरेच पेशंट गुंगीत असतात, त्यांना फारसं आठवत नाही. जीबीएसचा पेशंट पुष्कळदा टक्क जागा असतो. त्याच्या उशाशी उभं राहून कुणी म्हणालं की ह्याचं काही खरं दिसत नाही, तर ते त्याला ऐकू जातं, आणि ऐकल्याचं तो कुणाला दाखवूही शकत नाही.

अशा माणसाच्या नळीतला कफ ओढणं घ्या, ज्याला आम्ही सक्शन म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं, नळी घातली, कफ ओढला, झालं. पण ह्या आजारात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडलेल्या असू शकतात. सक्शनची नळी आत गेली की अशा पेशंटची नाडी एकदम पडते, क्वचित हृदय थांबतंसुद्धा. म्हणून जाणती सिस्टर आधी ऑक्सिजन वाढवते, एक नजर मॉनिटरवर ठेवते, मोजक्या सेकंदांत नळी बाहेर काढते, आणि अ‍ॅट्रोपीनचं नाडी वाढवणारं इंजेक्शन कुठल्या ट्रेमध्ये आहे ते तिला शोधावं लागत नाही. हे दिवसातून किती वेळा? कफ जितक्या वेळा साठेल तितक्या वेळा. पहाटे तीनलाही.

चेहऱ्याच्या नसा गेल्या की पापण्या पुरत्या मिटत नाहीत. बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते, नजर जाऊ शकते. म्हणून ठरावीक तासांनी डोळ्यांत थेंब, झोपेच्या वेळी मलम, पापणी हलक्या हाताने मिटवून वर टेप. तुमचे मिस्टर आज घरून ऑफिसचं काम करतात, स्क्रीनवरची बारीक अक्षरं वाचतात, त्यात ह्या थेंबांचा वाटा आहे.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत, कान दुमडलेला नाही ना बघायचं, पावलं खाली झुकून तशीच आखडू नयेत म्हणून आधार द्यायचा. व्हेंटिलेटर असेपर्यंत डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवायची आणि तोंड स्वच्छ ठेवायचं, नाहीतर घशातली घाण फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. तासातासाला लघवी मोजायची. ड्यूटी बदलताना हे सगळं पुढच्या सिस्टरला बेडपाशी उभं राहून सांगायचं.

ह्यातली प्रत्येक गोष्ट नीट झाली की काहीच घडत नाही. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होत नाही, न्यूमोनिया होत नाही, डोळा जात नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल आभार मानायचं कुणाला सुचणार? तरी आपल्याकडे तसं एकदा झालंय. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला, आणि तेव्हापासून १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोवर केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाच्या अर्जावर निकाल दिला तेव्हा केईएमच्या कर्मचाऱ्यांची मुक्तकंठाने वाखाणणी केली, आणि त्यातच नोंदवलं की इतक्या वर्षांत अरुणाताईंना एकही बेडसोअर झालेला नाही. ती ओळ ज्यांनी शुश्रूषा केलीय त्यांना लगेच कळते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी इतकी वर्षं शाबूत राहणं म्हणजे किती हजार वेळा कुणीतरी न कंटाळता कूस बदलली, अंग कोरडं केलं, चादरीची सुरकुती काढली. न्यायमूर्तींनी कौतुक करताना पुरावा दिला. तुम्हीही तेच करायचं आहे.

आणि तो पुठ्ठा! सासऱ्यांना तो गोड वाटला असेल. मला त्यात फार कसबी काम दिसतं. आपल्या मुळाक्षरांच्या ओळी आयत्या लावलेल्या आहेत: क-ख-ग-घ, च-छ-ज-झ, ट-ठ-ड-ढ. आधी ओळ विचारायची, मग ओळीतलं अक्षर. काना-मात्रा सोडून द्यायच्या, बाकीचं आपण ओळखायचं. बिनचूक बांधणी आहे ती. जीबीएसमध्ये पाठीत आणि पायांत भयंकर दुखतं, नुसत्या स्पर्शानेही कळ जाते, पण चेहरा हलत नसल्यामुळे ते दुखणं कुठेच दिसत नाही. कुशीवर वळवताना नाडी वाढते, डोळ्यांतून पाणी येतं, आणि ते पाणी डोळे कोरडे पडल्यामुळे आलंय असं समजून कुणीही पुढे जाईल. ह्या मुलीला शंका आली. शंका आली म्हणून तिने विचारायची सोय केली. एक शब्द काढायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि त्या वेळात पंप वाजत असतात, तासाची नोंद करायची असते, शेजारचा पेशंट खोकत असतो. तरी ती तिथे उभी राहिली. हे मायेने होतं, पण नुसत्या मायेने होत नाही.

सासऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगा, त्यांना इतिहासाची आवड असली तर पटेल. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. तिथेही असंच, पेशंट शुद्धीवर पण छाती हलत नाही. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने घशाला छेद देऊन नळी बसवायला लावली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस हाताने रबरी पिशवी दाबून, त्या पेशंटना श्वास दिला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे यंत्रं भरवशाची होण्याआधीच उशाशी जागं राहणारं माणूस तिथे आलं होतं.

तर करायचं काय? पत्र लिहा. एक पान पुरे. आणि त्यात विशेषणं घालू नका. देवासारख्या धावून आल्या, साक्षात माउली, शब्द अपुरे पडतात, हे सगळं तुम्ही मनापासूनच लिहाल, पण ते वाचून मेट्रनला, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांना, त्या सिस्टरबद्दल नवीन काहीच कळत नाही. अशी पत्रं मी ढिगाने पाहिलीत. वाचून बरं वाटतं आणि ती ड्रॉवरमध्ये जातात. ज्या पत्रात काय केलं ते लिहिलेलं असतं त्याचा उपयोग होतो: पगारवाढीच्या वेळी, इनचार्ज नेमताना, दुसरीकडे मुलाखतीला गेल्यावर. मुख्य म्हणजे, आपण केलेलं कुणाला तरी नेमकं दिसलं हे त्या मुलीला कळतं. सिस्टरला त्याची सवय नसते हो.

साधारण असं लिहा:

"माझे पती जानेवारी ते मार्च २०२५ ह्या काळात आपल्या आयसीयूत जीबीएसमुळे व्हेंटिलेटरवर होते. त्या वेळी सिस्टर (पूर्ण नाव) त्यांच्याकडे ड्यूटीवर असत. पती पूर्ण शुद्धीवर आहेत हे ओळखून त्या प्रत्येक गोष्ट करण्याआधी त्यांना सांगत. त्यांनी डोळ्यांच्या खुणा ठरवल्या आणि मुळाक्षरांचा तक्ता करून त्यांच्याशी संवाद सुरू केला. त्यामुळे पाठीतल्या तीव्र वेदना लक्षात आल्या, त्यांनी ते डॉक्टरांना कळवलं आणि औषध बदललं गेलं. इतके आठवडे अंथरुणावर असूनही पतींना एकही बेडसोअर झाला नाही. तक्ता नंतर इतर ड्यूटीच्या सिस्टर आणि ब्रदरनीही वापरला. हे पत्र सिस्टर (नाव) यांच्या सेवाविषयक फाइलमध्ये ठेवावं, ही विनंती."

तुमचे तपशील तुम्ही घाला. बेडसोअर झाला असेल तर ते वाक्य काढा, कारण खोटं एकही वाक्य नको. औषध बदललं की नाही तुम्हाला नक्की माहीत नसेल तर डिस्चार्ज कार्ड बघा किंवा ते सोडून द्या. तारखा आणि बेड नंबर आठवत असले तर जरूर लिहा. खाली सही, मोबाइल नंबर.

पत्र पाठवायचं नर्सिंग सुपरिंटेंडेंटना, म्हणजे मेट्रनना. सरकारी रुग्णालय असतं तर अधिसेविका म्हणून लिहायचं. एक प्रत मेडिकल डायरेक्टरना, एक एचआरला, आणि एक सही केलेली प्रत सिस्टरांच्या हातात. ही शेवटची विसरू नका, कारण फाइलला लागलेलं पत्र तिला कधी दाखवलं जाईलच असं नाही. आवक खिडकीवर पोच घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच मुली पुढे आखातात, इंग्लंड-आयर्लंडला जायचं बघतात, तेव्हा असं पत्र इंग्रजीत असलं तर मुलाखतीत दाखवता येतं. तिला विचारा, हवं असेल तर तसंही एक करून द्या. डिस्चार्जच्या वेळी भरून घेतात त्या फीडबॅक फॉर्मवर विसंबू नका. त्यात 'नर्सिंग सेवा: उत्तम' पुढे टिक असते, नाव नसतं.

अमेरिकेत सिएटलला १९९९ साली पॅट्रिक बार्न्स नावाचा ३३ वर्षांचा तरुण आयटीपी ह्या रक्ताच्या आजाराने गेला. त्याचे घरचे लोक आठवडेच्या आठवडे हॉस्पिटलात होते. तो वाचला नाही, तरी त्यांच्या मनात राहिलं ते तिथल्या परिचारिकांचं वागणं आणि हातखंडा. त्यातून त्यांनी 'डेझी' नावाचा पुरस्कार सुरू केला, जो आता अनेक देशांतली रुग्णालयं देतात. त्यात पेशंट किंवा नातेवाईक नाव सुचवतो आणि त्या परिचारिकेने काय केलं त्याची गोष्ट लिहितो. मला त्यातलं हे फार आवडतं की आपलं माणूस गमावलेल्या घराला सगळ्यात आधी हे सुचलं. आपल्याकडे राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, १९७३ पासून, राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. त्याची शिफारस नातेवाइकांच्या हातात नसते. पण १२ मे, नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस, परिचारिका दिन म्हणून बहुतेक रुग्णालयांत साजरा होतो आणि त्या दिवशी आपल्या स्टाफमधल्या कुणाचा तरी सत्कार होतो. त्यासाठी नावं काढायला बसतात तेव्हा समोर लिहिलेलं काही असेल तर फरक पडतो. तुमचं पत्र एप्रिलच्या आत पोचेल असं बघा, आणि रुग्णालयाची स्वतःची काही पुरस्कार योजना आहे का तेही मेट्रनना विचारा.

तुमच्या बहिणीची शंका रास्त आहे. आयसीयूत एक पेशंट एकीचा कधीच नसतो, तीन ड्यूट्यांत तीन हात फिरतात. सकाळच्या सिस्टरने सुरू केलेला तक्ता रात्रीच्या ब्रदरने बाजूला ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून नमुन्यात मी ते वाक्य मुद्दाम घातलंय. शिवाय सगळ्या युनिटला उद्देशून एक वेगळं छोटं पत्र द्या, इनचार्ज सिस्टरकडे. त्यात वॉर्डातल्या मावशी आणि मामांना विसरू नका. कुशीवर वळवताना दुसऱ्या बाजूने चादर धरणारे हात त्यांचेच होते. पण ह्या धाकाने सिस्टरांचं नाव गाळू नका. सगळ्यांचे आभार मानले की कुणाचेच मानले जात नाहीत, हे मी माझ्या नोकरीत भरपूर पाहिलंय. जिने विशेष केलं तिचं नाव लिहिलंच पाहिजे. हेवा वाटणारे चार जण असतील, पण आपल्या हातूनही असं काम व्हावं असं वाटणारेही असतात, आणि नव्या मुली ते बघत असतात.

तुसडेपणाने बोललेल्या सिस्टरबद्दल ह्या पत्रात एक अक्षरही नको. दोन्ही एका कागदावर आलं की सगळे तक्रारीकडेच बघतात आणि कौतुक वाहून जातं. ते बोलणं अजून टोचत असेल तर वेगळं लिहा, वेगळ्या दिवशी द्या: कधी, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. ती सिस्टर त्या रात्री दोन-तीन व्हेंटिलेटर एकटी सांभाळत असेल, असंही असू शकतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला खरं तर एक पेशंट एक सिस्टर हवी, प्रत्यक्षात तसं सगळीकडे नसतं. म्हणून तुम्ही गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. माणसं कमी आहेत हेही कुणीतरी बाहेरच्याने लिहिलं तर व्यवस्थापन ऐकतं.

आता तुमचे मिस्टर. त्यांना तिथे ओढून नेऊ नका. इतके आठवडे जागेपणी हलता न येता पडून राहिलेल्या माणसाला तो अलार्मचा आवाज, तो जंतुनाशकाचा वास नकोसा होणं स्वाभाविक आहे. रात्री दचकून उठतात का, झोप येत नाही का, चिडचिड होते का, हे बघा. आयसीयूतून परतलेल्यांपैकी अनेकांना महिनोन् महिने हा त्रास होतो आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा, ते पुढे कुणाकडे पाठवायचं ते बघतील. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडे आयसीयूतल्या परिचारिका पेशंटसाठी रोजनिशी लिहितात: आज तुम्ही डोळे उघडले, आज मुलगी येऊन गेली, आज खिडकीकडे तोंड करून बसवलं. बरं झाल्यावर ती वही पेशंटला देतात, म्हणजे तुटलेले दिवस जोडता येतात. तुमच्याकडे तशी वही नाही. पण पत्र लिहायला बसाल तेव्हा त्यांना शेजारी बसवा आणि नुसतं विचारा, "तुम्हाला आतून काय आठवतंय?" बोलावंसं वाटलं तर बोलतील. त्यांनी सांगितलेल्या दोन ओळी त्यांच्याच शब्दांत पत्रात घाला. बाहेरून दिसलेलं तुम्ही लिहाल, पण सिस्टर बोलायला लागल्यावर आत काय बदललं ते त्यांनाच ठाऊक आहे. नको म्हणाले तर तिथेच थांबा.

आणि सासऱ्यांना तुम्ही समजावत बसण्यापेक्षा मुलाच्या तोंडून एकदा हे ऐकू द्या. बाहेरच्या बाकावर रात्री काढणाऱ्या बापालाही खूप काही सोसावं लागतं. कामच आहे तिचं, हे कधीकधी माणूस स्वतःला सावरण्यासाठीही म्हणतो, कारण आपल्या मुलाचा जीव एका अनोळखी पोरीच्या हातात होता हे मान्य करणं जड जातं.

खाऊ न्यायचा असेल तर जरूर न्या, पण थोडा विचार करून. सकाळी अकराला नेलेले पेढे दुपारपर्यंत संपतात आणि रात्रपाळीला रिकामा बॉक्स मिळतो. तीन वेगळे बॉक्स करा, तीन ड्यूट्यांची नावं घाला. आणखी एक, सिस्टरांचा फोटो आणि नाव कौतुकाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर टाकू नका, तिला विचारल्याशिवाय तर नाहीच. तरुण मुलगी आहे, अनोळखी लोकांचे मेसेज सुरू होतात.

जाण्याआधी इनचार्ज सिस्टरला फोन करून तिची ड्यूटी कधी आहे ते विचारा. ड्यूटी बदलायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवणं, चालू असतं आणि तिला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी चारच्या सुमारास बरं. पंधरा दिवसांत हॉस्पिटलकडून काही कळलं नाही तर मेट्रनच्या ऑफिसला फोन करून सरळ विचारा, पत्र फाइलला लागलं का. लागलं नसेल तर पोचपावती घेऊन स्वतः जा आणि लावून या.